मानेगावचे ४० ग्रॅम

खानदेशात जुन्या एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या परिसरात, मानेगाव आहे. १८४३ च्या पावसाळ्यात तिथे आकाशातून एक दगड पडला. अशनी जिथे पडला त्या जागेचं नाव त्याला द्यायचं हा रिवाज सगळीकडे पाळतात, त्यामुळे या दगडाला जगभर ‘मानेगाव’ म्हणूनच ओळखतात. सगळ्या संग्रहांत मिळून त्याचा आज उरलेला अंश सुमारे ४० ग्रॅमचा आहे. एका मुठीत सहज मावेल, आणि तरी मूठ रिकामीच वाटेल.

१८७० साली लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधले खनिज विभागाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी-मास्केलिन यांनी या दगडाचं रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केलं. लोह-मॅग्नेशियमच्या एकाच सिलिकेट खनिजाने, म्हणजे पायरॉक्सीनने, जवळजवळ अख्खा दगड बनला होता. अशा अशनींना आज डायोजेनाइट म्हणतात आणि ते व्हेस्टा या लघुग्रहाच्या कवचाच्या खोल थरातून निखळलेले आहेत असं मानतात. २०११ मध्ये डॉन यान व्हेस्टाभोवती फिरू लागलं, तेव्हा तिथल्या पृष्ठभागावरून आलेल्या मोजमापांनी या समजाला बळ दिलं. म्हणजे तापीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी एका लघुग्रहाच्या पोटातला तुकडा हाताळला होता. ते शेतकरी कोण, दगड पहिल्यांदा कोणी उचलला, हे मात्र संग्रहालयाच्या चिठ्ठीवर येत नाही. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि वजन असतं.

वसाहतींतून राष्ट्रीय संग्रहालयासाठी अशनी कसे जमवले गेले, याची चर्चा बहुतेक वेळा ‘नेलं’ आणि ‘परत द्या’ या दोन शब्दांत अडकते. तो प्रश्न खरा आहे, त्याकडे पुढे येतोच. पण त्याआधी हे काम चालायचं कसं ते नीट बघायला हवं, कारण ते इतर कुठल्याही संग्रहासारखं नाही. फुलपाखरं हवी असतील तर माणूस जाळी घेऊन जंगलात जातो. मूर्ती हवी असेल तर देऊळ माहीत असतं. अशनी कुठे आणि कधी पडेल ते कोणालाच माहीत नसतं. त्याच्यासाठी मोहीम काढता येत नाही. पडेल तिथे तो ओळखणारा, उचलणारा, त्याबद्दल चार ओळी लिहिणारा आणि ते सगळं वरच्या साहेबाकडे पाठवणारा माणूस आधीपासून बसलेला असावा लागतो. ब्रिटिश हिंदुस्थानात महसूल वसुलीसाठी अशी माणसं प्रत्येक तालुक्यात बसवलेली होती. गावचा चौकीदार किंवा पाटील, त्याच्यावर तहसीलदार, त्याच्यावर कलेक्टर, आणि तिथून कलकत्ता. शेतसारा ज्या वाटेने वर जायचा, त्याच वाटेने अशनीही गेले.

याची सुरुवात बनारसपासून धरतात. १९ डिसेंबर १७९८ च्या संध्याकाळी आठच्या सुमाराला बनारसच्या आसपास एक मोठा अग्निगोल दिसला, मेघगर्जनेसारखे आवाज झाले, आणि शहरापासून चौदा मैलांवरच्या क्राखूट या गावी दगड पडले. बनारसमध्ये राहणारे इंग्रज जॉन लॉइड विल्यम्स यांनी हकीगत जमवून लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवली. ती आजही नमुना म्हणून वाचावी अशी आहे. कित्येक दिवस आकाशात ढगाचा मागमूस नव्हता, हे त्यांनी आवर्जून लिहिलं आहे, म्हणजे वीज पडली असेल ही शंकाच उरत नाही. शेतात दगड साधारण सहा इंच खोल रुतले होते. एक दगड तर राखणदाराच्या झोपडीचं छप्पर फोडून खालच्या चोपून घट्ट केलेल्या मातीच्या जमिनीत शिरला होता.

ही सहा इंचांची नोंद मला फार मोलाची वाटते, कारण ती भौतिकशास्त्राशी जुळते. मुठीएवढा किंवा डोक्याएवढा दगड वातावरणात शिरताना सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने येतो, पण हवेच्या विरोधाने हा वेग खूप उंचावरच संपतो. तिथून खाली तो गच्चीवरून टाकलेल्या कुठल्याही धोंड्यासारखा, फक्त काहीशा जास्त वेगाने, पडतो. त्यामुळे लहान दगडाचा खड्डा उथळ असतो आणि त्यातून धूर, आग, वितळलेली माती निघत नाही. ‘खड्डा पुरुषभर खोल होता आणि दगड दोन दिवस लाल होता’ अशी हकीगत आली तर ती जपूनच घ्यावी. १४ जुलै १८६० ला धरमशाळेजवळ दगड पडले, तेव्हा लोकांनी सांगितलं की ते हातात धरवत नाहीत इतके थंड होते. या सांगण्यात भर घातलेली असेल, पण त्याची दिशा बरोबर आहे. अवकाशातला गारठा दगडाच्या गाभ्यात मुरलेला असतो. जळतो तो फक्त वरचा मिलिमीटरभर थर, आणि तोही वितळून मागे उडून जात असतो. उरतं ते नखाहून पातळ काळं कवच.

आकाशातून खरोखरच दगड पडतात का, हा वाद तेव्हा चालू होता. बनारसच्या दगडांनी लंडनमध्ये तो मिटवायला मदत केली. १८०२ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी बनारस, इंग्लंडमधलं वोल्ड कॉटेज, इटलीतलं सिएना आणि बोहेमियातलं ताबोर अशा चार ठिकाणचे दगड एकत्र तपासले. त्यांच्या जोडीला असलेल्या बूर्नों या फ्रेंच खनिजतज्ज्ञाने दगड फोडून त्यातले बारीक गोळे, लोहाचे कण आणि गंधकयुक्त खनिज हाताने वेगळं केलं. चारही ठिकाणच्या लोहात निकेल सापडलं. एकमेकांपासून हजारो मैल लांब पडलेले दगड एकाच जातीचे निघाले, आणि ते त्या त्या गावच्या मातीचे नाहीत हे स्पष्ट झालं. चारपैकी एक तुकडा हिंदुस्थानातून आला नसता तर हा युक्तिवाद फक्त युरोपपुरता राहिला असता.

चांगल्या नोंदीत काय असावं लागतं ते इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रकाश कुठून कुठे गेला. प्रकाश दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत किती वेळ गेला (आवाजाला एका किलोमीटरला सुमारे तीन सेकंद लागतात, त्यावरून अंतर काढता येतं). स्फोट किती झाले. खड्ड्याची खोली किती आणि कल कुठल्या बाजूला. दगड किती सापडले आणि प्रत्येक नेमका कुठे. शेवटचा मुद्दा लोक हमखास सोडतात. पुष्कळ दगड एकदम पडतात तेव्हा ते लांबट अंडाकृती पट्ट्यात विखुरतात. जड दगड प्रवासाच्या दिशेने पुढे जातात, हलके मागे राहतात आणि वाऱ्याने बाजूला सरकतात. पट्टा कागदावर नीट उतरला तर दगड कुठल्या दिशेने आला ते कळतं. ‘गावाच्या शिवारात बारा दगड मिळाले’ असं एकच वाक्य लिहून पाठवलं की ही सगळी माहिती कायमची गेली.

वेळेचीही तीच गत. १९०६ पूर्वी देशात एक प्रमाणवेळ नव्हती. मुंबई आणि कलकत्ता यांच्या स्थानिक वेळेत तासाभराहून जास्त फरक होता, आणि कुठल्या गावाची वेळ लिहिली आहे ते अहवालात क्वचितच सापडतं. अशनीची सूर्याभोवतीची कक्षा काढायला बसलेला माणूस नेमका या फटीत अडकतो.

आता दगडाचं काय व्हायचं ते. १८१५ च्या फेब्रुवारीत लुधियान्याच्या बाजूला दुराला इथे पडलेल्या दगडाला गावकऱ्यांनी फुलं वाहिली, तूप चोळलं, चंदनाचा लेप लावला. बिहारमध्ये सीतामढीकडे अंधारा इथे १८८० साली पडलेल्या दगडाची देवळात स्थापना झाली. १८६७ च्या जानेवारीत राजस्थानातल्या खेत्रीच्या बाजूला मात्र उलट घडलं. हा देवाचा कोप आहे असं समजून लोकांनी दगड कुटून त्याची पूड वाऱ्यावर उधळली. यात गावकऱ्यांना नावं ठेवण्यासारखं काहीही नाही. कडकडाट करत आभाळातून आलेल्या वस्तूपुढे हात जोडणं किंवा तिला घाबरणं, दोन्ही माणसाला धरूनच आहे. पण संग्रहालयाच्या दृष्टीने तूप आणि चंदन दगडाच्या भेगांतून आत झिरपतात, आणि त्यातली कर्बद्रव्यं मुळातल्या कर्बद्रव्यांत मिसळतात. पुढे कोणी त्या दगडात अवकाशातली सेंद्रिय संयुगं शोधू लागला, तर त्याला आधी तुपाचा हिशेब वजा करावा लागतो. त्याहून जास्त नुकसान सोनाराच्या भट्टीने होतं. यात चांदी असेल या आशेने दगड तापवला की त्याची मूळ रचना बदलते आणि मग कुठलीही प्रयोगशाळा ती परत आणू शकत नाही.

दुरालाचा दगड शेवटी ईस्ट इंडिया कंपनीच्या हातून ब्रिटिश म्यूझियमला पोचला. स्टोरी-मास्केलिन १८५७ ते १८८० या काळात खनिज विभागाचे प्रमुख होते. त्यांनी हा संग्रह झपाट्याने वाढवला, आणि त्यात वसाहतींच्या कागदी यंत्रणेचा मोठा वाटा होता. तमिळनाडूत मदुराईच्या बाजूला १८५७ च्या फेब्रुवारीत दोन दगड पडले. त्यातला सुमारे ६० किलोचा मोठा दगड, पारनल्ली या नावाने, लंडनला गेला. उत्तर प्रदेशातल्या बस्तीजवळ २ डिसेंबर १८५२ ला पडलेला दीड किलोचा दगडही तिकडेच गेला.

बस्तीच्या दगडाजवळ जरा थांबायला हवं. तो फोडला तेव्हा फिकट राखाडी वस्तुमानात तांबूस-तपकिरी बारीक गोळे दिसले. ते कॅल्शियम सल्फाइड निघालं. पृथ्वीवर ते नैसर्गिकपणे सहसा टिकत नाही, कारण ओल मिळाली की ते सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडत विघटित होतं. त्याच दगडात टायटॅनियम नायट्राइडचे सोनेरी, अगदी सूक्ष्म स्फटिकही मिळाले. पहिल्या खनिजाला स्टोरी-मास्केलिन यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांच्यावरून ओल्डहॅमाइट नाव दिलं, दुसऱ्याला दगड देणाऱ्या जॉर्ज ऑस्बर्न यांच्यावरून ऑस्बर्नाइट. असा दगड डिसेंबरच्या कोरड्या थंडीत पडला, हे विज्ञानाचं नशीब. जुलैत, चिखलात पडून चार दिवस तसाच राहिला असता तर ते तपकिरी गोळे सापडायच्या आधीच गेले असते. या जातीचा दगड कापतानाही पाणी चालत नाही. पात्यावर थंडावा म्हणून पाण्याऐवजी निर्जल अल्कोहोल वापरावं लागतं किंवा कोरडंच, सावकाश कापावं लागतं.

या व्यवहारात सगळ्या वसाहती सारख्या नव्हत्या, हे ऑस्ट्रेलियातल्या क्रॅनबर्नच्या उदाहरणावरून दिसतं. मेलबर्नजवळ १८५४ मध्ये लोखंडी अशनीचे दोन प्रचंड तुकडे माहीत झाले, एक साडेतीन टनांचा, दुसरा दीड टनाचा. लहान तुकडा ब्रिटिश म्यूझियमने विकत घेतला. मोठाही लंडनला जाणार म्हटल्यावर मेलबर्नच्या लोकांनी जोरदार हरकत घेतली. शेवटी तडजोड झाली. मोठा तुकडा लंडनला गेला आणि लंडनने विकत घेतलेला लहान तुकडा मेलबर्नला मिळाला. मेलबर्नमध्ये बोलायला वर्तमानपत्रं होती, वैज्ञानिक संस्था होती, स्वतःचं संग्रहालय होतं, आणि वाद घालणारे लोक गोरे वसाहतवाले होते. मानेगाव, बस्ती, पारनल्ली यांच्या वतीने असं बोलणारं कोणी नव्हतं. दगड कोणाचा हा प्रश्न तिथे विचारलाच गेला नाही. मला हा अन्याय दगड नेण्याइतकाच मोठा वाटतो.

क्रॅनबर्नच्या मोठ्या तुकड्याला लंडनमध्ये वेगळाच त्रास झाला. शतकानुशतकं जमिनीत राहिलेल्या लोखंडी अशनीत मातीतलं आणि पाण्यातलं क्लोराइड शिरलेलं असतं. हवेतल्या ओलीशी गाठ पडली की त्याच्या पृष्ठभागावर तपकिरी थेंब येतात, आतून गंज फुगत जातो आणि पापुद्रे सुटतात. क्लोराइड एकदा गंज घडवून संपत नाही. ते मोकळं होऊन पुन्हा नव्या लोहाला लागतं. म्हणून वरून पुसून किंवा वार्निश लावून काही उपयोग होत नाही, ओल आतच कोंडली जाते. क्लोराइड क्षाराच्या द्रावणात धुऊन काढायचं, पूर्ण वाळवायचं आणि मग घट्ट बंद पेटीत, सिलिका जेलसह, शक्य तितक्या कोरड्या हवेत ठेवायचं. जेलचा रंग बदलला की ते तापवून परत कोरडं करायचं. कोलकात्यासारख्या दमट शहरात हे काम वर्षभर चालू ठेवावं लागतं.

संग्रह वाढवायचा दुसरा मार्ग अदलाबदलीचा. लंडन, व्हिएन्ना, पॅरिस, कलकत्ता एकमेकांना तुकडे द्यायचे. इथे वजनाचा हिशेब फार जपून करावा लागतो. दगडी अशनीची घनता साधारण ३.४ धरा. दहा सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद पृष्ठभागावरून एक मिलिमीटर जाडीचं पातं फिरवलं, की १० घन सेंटिमीटर दगडाची पूड होते, म्हणजे ३४ ग्रॅम. मानेगावचा जगातला सगळा ऐवज मिळून त्याहून फार जास्त भरत नाही. जुनं, जाड पातं असेल तर नुकसान तिप्पट. म्हणून कापायच्या आधी दगडाचा साचा घ्यायचा, सगळ्या बाजूंनी चित्रं किंवा छायाचित्रं काढायची, आणि कवच असलेला भाग शक्यतो एकाच तुकड्याकडे ठेवायचा. कापलेला प्रत्येक तुकडा आणि पातं फिरल्यावर साचलेली पूडसुद्धा तोलून नोंदवायची. बेरीज मूळ वजनाशी जुळली नाही तर त्याच दिवशी शोधायची, वर्षाने ती कधीच जुळत नाही. क्रमांक दगडावरच लिहायचा, कवच नसलेल्या बाजूला, पुसता येईल अशा लेपाच्या ठिपक्यावर. नुसत्या कागदी चिठ्ठीवर विसंबलं तर ती कसर खाते नाहीतर शेजारच्या डब्यात जाते, आणि चिठ्ठी गेलेला अशनी म्हणजे निव्वळ एक काळा दगड.

कलकत्त्याकडे लोक नुसतं ‘माल लंडनला पाठवणारं गोदाम’ म्हणून बघतात, आणि ते बरोबर नाही. ओल्डहॅम यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा स्वतःचा संग्रह उभा केला. मँचेस्टरचे ग्रेग यांचा खासगी संग्रह त्यांनी १८६० च्या दशकात विकत घेतला. म्हणजे युरोपातले अशनी उलट दिशेने कलकत्त्याला आले. २५ ऑगस्ट १८६५ च्या सकाळी गयेजवळ शेरघाटीला सुमारे पाच किलोचा दगड पडला, तो याच संग्रहात गेला आणि त्याचा मुख्य पिंड आजही कोलकात्यातच आहे. एक तुकडा व्हिएन्नाला खनिजतज्ज्ञ गुस्टाव चेरमाक यांच्याकडे पोचला. त्यात त्यांना काचेसारखं पारदर्शक एक द्रव्य दिसलं. १८७२ मध्ये त्यांनी त्याला मास्केलिनाइट नाव दिलं.

हे मास्केलिनाइट म्हणजे मुळात फेल्डस्पार, खडकांत नेहमी आढळणारं एक खनिज. प्रचंड धक्क्याने, काही लाख वातावरणांइतक्या दाबाने, त्याची स्फटिकरचना मोडली आणि स्फटिकाचा बाह्य आकार मात्र तसाच राहिला. ते पृथ्वीवरही बनतं, फक्त कुठे बनेल ते ठरलेलं आहे. आपल्या बुलढाण्यातल्या लोणारच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकात, ते आहे, आणि लोणारचं विवर आघाताने बनलं हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच प्रकारच्या पुराव्यांनी पक्कं झालं. शेरघाटीचा दगडही बेसॉल्टच. त्याच्या जातीचा एक अशनी अंटार्क्टिकात मिळाला, आणि १९८३ मध्ये त्याच्या काचेत कोंडलेला वायू व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला. त्यावरून ही सगळी जात मंगळाची ठरली. लोणारचा दगड आणि शेरघाटीचा दगड पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवले, तर दख्खनच्या पठारावर आणि मंगळावर एकाच प्रकारची इजा झालेली दिसते. हे चेरमाक यांना कळणं शक्य नव्हतं. पण तुकडा, गाव, तारीख आणि वजन नीट जपलं गेल्यामुळे ११० वर्षांनी दुसऱ्या कोणाला तरी कळलं.

परत आणण्याबद्दल माझं मत असं आहे की बस्ती आणि मानेगाव यांच्या बाबतीत मागणी करायला काहीच हरकत नाही, निदान क्रॅनबर्नसारख्या अदलाबदलीची तरी. पण त्याआधी इथे आज पडणाऱ्या अशनींची निगा दाखवून द्यावी लागेल. धजाला या गुजरातमधल्या गावी २८ जानेवारी १९७६ ला पाऊस पडावा तसे दगड पडले, तेव्हा अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या लोकांनी गावोगाव जाऊन शेकडो तुकडे जागेच्या नोंदीसह जमवले. अशी घाई का करायची, तर अवकाशातल्या किरणांनी दगडात बनलेली काही किरणोत्सारी मूलद्रव्यं लगेच मरतात. व्हॅनेडियम-४८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, १६ दिवसांचं, स्कँडियम-४६ चं ८४ दिवसांचं. महिनाभराने दगड सरकारदरबारातून आला तर पहिल्याचं जवळजवळ पाऊण गेलेलं असतं. कलेक्टरच्या पत्रव्यवहाराच्या वेगाने ही माहिती कधीच मिळाली नाही, आणि तेव्हा ती मिळवायची उपकरणंही नव्हती. आज दोन्ही आहेत.

नागपूर जिल्ह्यात काटोलला २२ मे २०१२ ला अशनी पडले. असं पुन्हा आपल्या शिवारात झालं तर करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. दगड उचलायच्या आधी जागच्या जागी फोटो, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. फोनवरून अक्षांश-रेखांश आणि घड्याळातली वेळ. हात न लावता स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळणं. धुणं, घासणं, फोडून बघणं यातलं काहीही नाही. लोहचुंबक अजिबात लावायचं नाही. ताकदवान चुंबकाचा एक स्पर्श दगडातली कोट्यवधी वर्षांपूर्वीची चुंबकीय खूण पुसतो, आणि नेमकी हीच ‘चाचणी’ लोक सर्वांत आधी करतात. मग तहसीलदाराला कळवायचं. तिथून तो भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जातो, ही वाट जुनीच आहे. नोंदीत भर एकच घालायची: ज्याने दगड पाहिला, उचलला आणि दिला त्याचं नाव, त्याची संमती असेल तर, अधिकाऱ्याच्या नावाच्या आधी.

बनासकांठ्यातल्या दियोदरजवळ १७ ऑगस्ट २०२२ ला जो अशनी पडला तो बस्तीच्याच जातीचा, ऑब्राइट. भारतात १८५२ नंतर या जातीचा पडताना दिसलेला हा पहिलाच. रांतिला गावात तो कडुलिंबाच्या फांदीवर आदळून फुटला, आणि रावेल गावात एक तुकडा घराच्या ओसरीवरच्या फरशीवर पडला. भर पावसाळ्याचा महिना होता. गावकऱ्यांनी तुकडे लगेच उचलून घरात कोरडे ठेवले म्हणून ते प्रयोगशाळेपर्यंत चांगल्या स्थितीत पोचले, आणि या वेळी दगड तपासण्यासाठी बोटीने कुठे पाठवावा लागला नाही.